भिंतीवरची पाटी आणि नागपूरची गिरणी



गेले काही भाग आपण किल्ले, मोहिमा आणि लढाया यांवर बोललो. आज लढाई नाही. आज एक कापडगिरणी आहे, आमच्या नागपूरची, आणि तिच्या निमित्ताने एक प्रश्न आहे. दहा माणसं असोत की दहा हजार, एका छपराखाली काम करणाऱ्यांची एक रीत असते. काय चालतं, काय चालत नाही, कशासाठी शाबासकी मिळते, कशासाठी मान खाली घालावी लागते. ही रीत ठरवतं कोण? आणि ठरवलेली रीत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते कशी?

हा प्रश्न मला पुस्तक वाचताना पडला नाही. तो एका सहीमुळे पडला. सही माझी होती. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो आणि मग गिरणीकडे वळतो.

माझ्या आयुष्यात दोन कंपन्या आल्या. पहिली पायदळातली. सव्वाशेच्या आसपास जवान, एक सीनियर सुभेदार साहेब, एक कंपनी हवालदार मेजर, एक लंगर. त्या कंपनीची मूल्यं कुठली, हे मला कोणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. दुसरी कंपनी निवृत्तीनंतरची, परराज्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतली. तिचं नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नाही. तिथे मी सुरक्षा आणि प्रशासन पाहत होतो.

मी रुजू झालो त्याच वर्षी 'कंपनीची मूल्यं' ठरवण्यासाठी एक समिती नेमली होती. फौजी माणूस म्हणून मलाही तिच्यात घेतलं. चार बैठका झाल्या, चहा-बिस्किटं झाली आणि पाच इंग्रजी शब्द ठरले. त्यातला सचोटीचा शब्द मी सुचवलेला. पाचही शब्दांची छान चकचकीत पाटी झाली आणि ती कँटीनच्या भिंतीवर लागली. गोदामात माल चढवणारे-उतरवणारे बहुतेक ठेक्यावरचे. त्यांच्यातल्या निम्म्यांना ती पाटी वाचता येत नव्हती. हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गोदामातला एक फोर्कलिफ्ट चालक स्वतःहून माझ्या केबिनमध्ये आला. पंचविशीतला मुलगा. म्हणाला, "साहेब, रात्री वळवताना माझा धक्का लागला. रॅकच्या खांबाला पोक आलाय. माल काढून घ्या, नाहीतर पडेल." मी त्याला शाबास म्हणालो. फाइल वर गेली. वरून शेरा आला की नुकसान ठेकेदाराच्या बिलातून कापावं आणि चालकाला कमी करावं. कागद सहीसाठी माझ्याकडे आला. नियमात बसत होता. मी सही केली. त्या दिवशी दुपारी त्याच पाटीखाली बसून मी जेवलो.

पुढचे काही महिने नुकसानीची एकही नोंद आली नाही. आम्ही खूश. शिस्त सुधारली, असं आमच्या अहवालातही लिहिलं. मग एका रात्री एक अख्खी रॅक खाली आली. चहाची वेळ होती, म्हणून खाली कोणी नव्हतं. चौकशीत दिसलं की त्या खांबाला तीन जुने पोक होते. तीनही वेळा धक्का कोणालातरी लागला होता आणि तिन्ही वेळा तो गप्प बसला होता. मी एका जुन्या हमालाला विचारलं, "बाबा, सांगितलं का नाही?" तो म्हणाला, "साहेब, सांगणाऱ्याचं काय झालं, ते पाहिलंय ना आम्ही."

मंडळी, त्या कंपनीचं मूल्य मी त्या दिवशी शिकलो. ते पाटीवर नव्हतं, माझ्या सहीत होतं. आणि ते अगदी शेवटच्या माणसापर्यंत व्यवस्थित पोहोचलं होतं.

तेव्हापासून मी जुन्या उद्योगांचा इतिहास या नजरेने वाचू लागलो. वाचता वाचता घरीच परत आलो. माझं बालपण नागपुरात गेलं. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर आमच्या वस्तीतली घड्याळं लागायची. पण त्या भोंग्यामागची गोष्ट मला साठी जवळ आल्यावर कळली.

आता ती गोष्ट.

जमशेटजी टाटा १८३९ साली नवसारीला जन्मले. कापसाच्या व्यापारातून ते गिरणीकडे वळले. १८६९ मध्ये त्यांनी मुंबईत चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, चालवून दाखवली आणि विकली. मग ते लँकेशायरला जाऊन कापडधंदा बारकाईने पाहून आले. पुढची गिरणी मुंबईतच काढणं सोयीचं होतं, कारण तेव्हा सगळेच तिथे काढत होते. जमशेटजींनी नागपूर निवडलं. कापूस आसपास पिकत होता, वरोऱ्याकडे कोळसा होता आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली होती. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. तिचं नाव लांबलचक: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी.

जागा मिळाली जुम्मा तलावाजवळ, दलदलीची. भर घालायलाच बराच पैसा गेला. नागपूरच्या एका सावकाराचा किस्सा सांगतात. त्याने भांडवल द्यायला नकार दिला. हा माणूस खड्ड्यात सोनं ओततोय, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने माती ओतली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. म्हणून गिरणी झाली 'एम्प्रेस'. व्यवस्थापक म्हणून नेमले बेझनजी मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतुकीतले. कापडधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. माणूस पाहून नेमला, धंदा शिकेल या भरवशावर. ते शिकलेही.

इथपर्यंतची गोष्ट यशोगाथेसारखी वाटते. पण इतिहास यशोगाथेसारखा चालत नाही. त्याच १८७७ साली या गिरणीत मजुरीच्या दरावरून संप झाला. भारतातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदलेल्या अगदी पहिल्या संपांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे ज्या गिरणीला आपण पुढे शाबासकी देणार आहोत, तिची सुरुवात कामगारांच्या 'नाही'ने झाली. हे विसरायचं नाही.

दुसरी अडचण खाड्यांची. सुरुवातीला घेतलेली यंत्रं स्वस्तातली होती. ती बदलून चांगली आणली, तरी हजेरी काही सुधारेना. माणसं आसपासच्या खेड्यांतली आणि विणकरांच्या वस्तीतली. घरचा माग, घरची शेती, पेरणी-कापणी, सणवार, लग्न यांच्या तालावर जगलेली. भोंग्याचा ताल त्यांना नवा. चार दिवस काम करायचं, गाठीला पैसे जमले की घरी जायचं. मुंबईत अशा वेळी मालकांचा ठरलेला उपाय होता: दंड. उशीर झाला, दंड. खाडा झाला, दंड. कापडात डाग, दंड. मुकादमाच्या हातात वही आणि कामगाराच्या पोटात गोळा.

जमशेटजींनी हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला. हा माणूस पळतो का, यापेक्षा त्याने थांबावं असं आपल्याकडे काय आहे?

त्याची उत्तरं एकदम आली नाहीत, वर्षावर्षाने आली. तो क्रम नीट पाहा.

आधी हवा. कापडगिरणीत आत कोंदट, गरम, तंतूंनी भरलेली हवा असते. सूत तुटू नये म्हणून ओलावा लागतो, आणि माणसाला श्वास लागतो. हवा खेळती ठेवण्याची आणि दमट करण्याची यंत्रं, आग लागली तर आपोआप पाणी फवारणारे नळ, हे देशात अगदी सुरुवातीला बसवणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेस होती. सूतही सुधारलं आणि माणसाचा श्वासही. यातलं एक धंद्यासाठी आणि दुसरं दयेपोटी असं वेगळं काढता येत नाही. तेच यंत्र दोन्ही कामं करतं.

मग बक्षिसं. नियमित हजेरी आणि चांगलं काम करणाऱ्यांसाठी बक्षीस समारंभ सुरू झाले. घड्याळं, साखळ्या, कापड, रोख रक्कम, सगळ्यांसमोर. आमच्या पलटणीत दरबारात जवानाचं नाव पुकारून शाबासकी देतात, तसंच. माणसाला पैसा हवाच असतो, पण आपलं नाव चारचौघांत नीट उच्चारलं जावं, हेही हवं असतं.

मग १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी. १८९५ मध्ये कामावर अपघात झाल्यास भरपाई. १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपण ज्याला पीएफ म्हणतो तो.

आता याच्या शेजारी सरकारी कायदा ठेवून पाहा. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, एवढाच काय तो आधार. मोठ्या पुरुषाच्या तासांना मर्यादाच नव्हती. कामगार भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, म्हणजे नागपूरच्या गिरणीनंतर अठ्ठावीस वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, एक्कावन्न वर्षांनी. तुमच्या-माझ्या पगारपत्रकावर पीएफची ओळ दिसते, त्या विचाराची एक जुनी मुळी जुम्मा तलावाच्या काठाशी जाते.

संपामुळे निधी आला, असा सरळ दोरा मी बांधत नाही. पण पहिल्याच वर्षी कामगार काम थांबवू शकतात हे ज्या गिरणीने पाहिलं, तीच नऊ वर्षांनी त्यांच्या म्हातारपणाची तजवीज करते. ऐकण्याची सवय कुठेतरी लागली असणार, असं माझं फौजी डोकं मला सांगतं.

आणि आता या भागाचा गाभा. गिरणीची मूल्यं शब्दांत कधी सांगितली गेली? १८९५ मध्ये, गिरणीच्या नव्या विस्ताराच्या वेळी जमशेटजी बोलले तेव्हा. गिरणी सुरू होऊन अठरा वर्षं झाली होती. त्यांच्या बोलण्याचा आशय माझ्या शब्दांत असा: आम्ही इतरांपेक्षा अधिक निःस्वार्थी, उदार किंवा परोपकारी आहोत, असा आमचा दावा नाही. आम्ही सरळ आणि भक्कम व्यापारी तत्त्वांवर सुरुवात केली. भागधारकांचं हित आपलं मानलं आणि कामगारांचं आरोग्य व कल्याण हा आपल्या भरभराटीचा खात्रीचा पाया मानला.

एवढंच. आमच्या समितीच्या पाच शब्दांशेजारी हे बोलणं ठेवलं, तेव्हा मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, यात बढाई नाही. उलट सुरुवातच 'आम्ही काही संत नाही' अशी आहे. जो माणूस स्वतःला संत म्हणवत नाही, त्याच्या बोलण्यावर कामगार विश्वास ठेवू शकतो.

दुसरी, यात कोणाचं हित आणि का, हे स्पष्ट आहे. भागधारक आहेत, कामगार आहेत, आणि दोघांना जोडणारं कारण आहे. कारण सांगितलं की ते तपासता येतं. 'सचोटी' हा नुसता शब्द तपासता येत नाही. 'कामगाराचं आरोग्य हा आमच्या नफ्याचा पाया आहे' हे वाक्य तपासता येतं. गिरणीत जा, आतली हवा हुंगा, उत्तर मिळेल.

तिसरी, वेळ. ऐकणाऱ्या कामगाराजवळ अठरा वर्षांचा अनुभव होता. निवृत्तिवेतनाचा निधी नऊ वर्षांचा झाला होता. मालक जे बोलत होता, ते त्याला नव्याने पटवून द्यायचं नव्हतं. आधीच घडत असलेल्या गोष्टीला फक्त नाव मिळालं. आम्ही उलटं केलं. नाव आधी दिलं आणि गोष्ट घडायची वाट पाहत बसलो. घडली ती नेमकी विरुद्ध.

पण मंडळी, मी आरती ओवाळायला बसलेलो नाही. त्या काळच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. बाया आणि मुलंही राबत. एम्प्रेस त्याच काळातली गिरणी होती, स्वर्गातली नव्हे. आणि चांगली रीत एकदा बसली की पिढ्यान्‌पिढ्या आपोआप चालते, असंही नाही. त्याचा पुरावा याच घराण्याच्या पुढच्या उद्योगात आहे.

१९०२ मध्ये जमशेटजींनी मुलाला, दोराबजींना, पत्र लिहिलं. पोलादाचा कारखाना अजून कुठे होणार हेही ठरलं नव्हतं. त्या पत्रात रुंद रस्ते आहेत, लवकर वाढणारी सावलीची झाडं आहेत, बागा आहेत, फुटबॉल आणि हॉकीची मैदानं आहेत, देवळं, मशिदी आणि चर्च यांसाठी राखलेल्या जागा आहेत. दोन वर्षांनी ते गेले. झाडं लावली गेली, जमशेदपूर उभं राहिलं. १९१२ मध्ये तिथे आठ तासांचा दिवस आला. तेव्हा कायदा गिरणीतल्या पुरुषाला बारा तास राबवू देत होता.

आणि तरीही १९२० मध्ये तिथे संप झाला. गोळीबार झाला, माणसं दगावली. १९२२ मध्ये पुन्हा संप. १९२८ चा संप महिनोन्‌महिने चालला आणि त्यात सुभाषबाबूंना मध्यस्थी करावी लागली. मधल्या काळात, १९२५ मध्ये, कामगार संघटनेच्या मान्यतेच्या प्रश्नावर गांधीजी जमशेदपूरला येऊन गेले.

सावलीची झाडं होती, मैदानं होती, आठ तास होते. मग बिघडलं कुठे? महागाई होती, मजुरीचा प्रश्न होता, कामगारकपातीची भीती होती. पण एक सैनिक म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नागपूरच्या गिरणीत मालकाचा माणूस खात्यातून फिरत असे. जमशेदपूर अफाट झालं होतं. वरून खाली सोयी येत होत्या, पण खालून वर आवाज जायला रस्ता नव्हता. कामगाराची संघटना मान्य करायची की नाही, यावरच वर्षं गेली. रुंद रस्ते होते, तेवढा हा एक अरुंद राहिला. तो रुंद करायला पुढे बराच काळ लागला. १९५६ मध्ये कंपनी आणि युनियन यांच्यात करार झाला आणि विचारविनिमयासाठी दोघांच्या संयुक्त समित्यांची रीत पडली.

याबाबतीत फौजेलाही फुशारकी मारायला जागा नाही. आमच्याकडे सैनिक संमेलन असतं. सगळी पलटण बसते, सीओ साहेब बोलतात आणि शेवटी विचारतात, "कोई पॉइंट?" सगळीकडे शांतता. चारशे माणसं आणि पॉइंट एकही नाही. नवीन अधिकाऱ्याला वाटतं, वा, सगळं आलबेल आहे. जुन्या अधिकाऱ्याला माहीत असतं की खरा पॉइंट रात्री दोन वाजता पहाऱ्यावर मिळतो. संत्रीशेजारी पाच मिनिटं गप्प उभं राहिलं, की तोच हळूच म्हणतो, "साहेब, घरून पत्र आलंय."

डेहराडूनच्या अकादमीत आम्ही ज्या चेटवुड सभागृहात वावरलो, तिथे एक वचन कोरलेलं आहे. १९३२ च्या डिसेंबरात जनरल चेटवुड यांनी अकादमीच्या उद्घाटनात केलेल्या भाषणातलं. त्याचा अर्थ सरळ आहे: आधी देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, कल्याण आणि सोय, तुमची स्वतःची सोय आणि सुरक्षितता शेवटी, नेहमी आणि दरवेळी. मला ते तोंडपाठ होतं. पण ते मला समजावलं माझ्या पहिल्या सुभेदार साहेबांनी, एक अक्षर न बोलता.

पलटणीत नवा होतो. लांबची कूच झाली होती. पाय फोडांनी भरलेले, पोटात कावळे. लंगर लागला तसा मी थाळी घेऊन बसलो. दोन घास खाल्ले आणि वर पाहिलं. सुभेदार साहेब समोर उभे, हातात रिकामी थाळी. जवानांची रांग चाललेली. ते माझ्याकडे पाहत नव्हते, रांगेकडे पाहत होते. शेवटचा जवान वाढून घेऊन गेला, तेव्हा ते पुढे झाले. डाळ जवळजवळ संपली होती. त्यांनी उरलेली घेतली आणि माझ्याशेजारी येऊन बसले. "साहेब, रोटी छान झालीय," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी कंपनीत कधी रांगेच्या आधी जेवलो नाही. भिंतीवर कोरलेलं वाक्य चांगलंच होतं. पण ते माझ्यात उतरलं त्या रिकाम्या थाळीतून.

आपल्यापैकी अनेकजण परराज्यांत छोटे-मोठे उद्योग चालवतात. इंदूरला कोणाची छपाई आहे, बडोद्याला कोणाचं वर्कशॉप, हैदराबादला कोणाची सॉफ्टवेअरची वीस जणांची टोळी. काहीजण महाराष्ट्र मंडळं चालवतात, तेही एक कामाचं ठिकाणच आहे. तुम्ही मूल्यं लिहून काढूच नका, असं मी म्हणत नाही. लिहा. जमशेटजींनीही सांगितलीच की. पण लिहिण्याआधी स्वतःला दोन-तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी या मूल्यापायी आपल्याला पदरचे किती पैसे मोजावे लागले? एकही नसेल, तर ते अजून मूल्य झालेलं नाही, फक्त इच्छा आहे. दुसरं, आपल्याकडच्या सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाला विचारा, "इथे कशाबद्दल शाबासकी मिळते आणि कशाबद्दल मार बसतो?" तो जे सांगेल, तीच तुमची खरी पाटी. ती त्याच्या भाषेत ऐका आणि तुमची पाटीही त्याच्या भाषेतच लिहा. आणि तिसरं, जो वाईट बातमी घेऊन येतो, त्याचं पुढच्या महिन्यात काय होतं? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्याकडेच पाहत असतात.

आता उरली माझी सही.

रॅक पडली त्यानंतरच्या आठवड्यात मी गोदामात तिन्ही पाळ्यांच्या माणसांना बोलावलं. हिंदीत बोललो. त्या चालकाला कमी करण्याच्या कागदावर माझी सही होती आणि ती चुकीची होती, हे सांगितलं. वर भांडून एक नियम बदलून घेतला: ज्याच्या हातून धक्का लागला त्याने त्याच पाळीत सांगितलं, तर एक पैसा कापायचा नाही आणि कामावरून काढायचं नाही. दाराशी एक साधी वही टांगली. पहिले काही आठवडे ती कोरीच राहिली. मी रागावलो नाही. दंडाची वही भरायला एक दिवस लागतो, विश्वासाची वही भरायला वेळ लागणारच.

मग एका सकाळी गाडी मागे घेताना फाटकाजवळच्या लोखंडी खांबाला माझाच धक्का लागला. कोणी पाहिलं नव्हतं. खांब थोडासा कलला होता. मी केबिनमध्ये गेलो, चहा घेतला, परत उतरलो आणि वहीत पहिली नोंद केली: नाव, वेळ, खांब क्रमांक. दुसरी नोंद चार दिवसांनी आली, हिंदीत, वाकड्यातिकड्या अक्षरात. मी निवृत्त झालो तेव्हा ती तिसरी वही होती.

त्या मुलाचा मात्र पत्ता लागला नाही. ठेकेदाराकडे दिलेला फोन नंबर बंद होता. गावी गेला, एवढंच कळलं. त्याला परत बोलावता आलं असतं तर त्या वहीच्या पहिल्या पानावर मी त्याच्याकडून लिहून घेतलं असतं. कारण त्या गोदामात खरं बोलण्याची रीत त्याने सुरू केली होती. आम्हीच ती मोडली, आणि मग आमची म्हणून पुन्हा चालू केली.

नागपूरला जाणं झालं, तर जुम्मा तलावावर जरा थांबा. आता त्याला गांधीसागर म्हणतात. भोंगा केव्हाच बंद झाला आहे. पण पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकावर पीएफची ओळ दिसेल, तेव्हा तो आठवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.